कार्ड जळायला नको

"अर्ध्या तासाचं काम हाय," सुकेशनी म्हणाली. "बसा."

सुदर्शननं कॅबिनेट काउंटरवर ठेवलं आणि घाम पुसला. बजाजनगरातल्या त्या छोट्या दुकानात एकच पंखा होता आणि तोही दुरुस्तीच्या टेबलाकडं वळवलेला. बाहेर एप्रिलचं ऊन होतं.

"कार्ड चांगलंय, ताई. फक्त त्याचा वेग वाढवून द्या. पुण्याचं गिऱ्हाईक आलंय, संध्याकाळच्या गाडीनं अख्खा कॉम्प्युटर घेऊन जाणार. त्याला वेगाच्या टेस्टचा स्कोअर दाखवायचाय."

"म्हंजे ओव्हरक्लॉक."

"तेच. आमच्या क्लासमधली पोरं करून देतील, पण त्यांच्या हाती नाही द्यायचं मला."

"कुठला क्लास?"

"शहरात अ‍ॅनिमेशनचा आहे. मी मॅनेजर." त्यानं क्लासचं नाव सांगितलं.

सुकेशनीनं कॅबिनेटची एक बाजू उघडली. ग्राफिक्स कार्ड अलगद बाहेर काढलं, ब्रशनं धूळ झाडली आणि मागचं स्टिकर उजेडाकडं धरून वाचलं. मग परत एकदा वाचलं.

"याला वेळ लागंल," ती म्हणाली.

"आत्ता तर अर्धा तास म्हणालात!"

"ते बघायच्या आधी. हे भारी कार्ड हाय. घाईनं व्होल्टेज वाढवलं तर जळून जाईल. किती सोसतंय, ते विचारून घेते."

तिनं फोन लावला. स्टिकरवरचा नंबर एकेक आकडा करून सांगितला आणि पलीकडचं ऐकत राहिली.

"नीट बघून सांगा... पक्कं?... बरं. मग म्या घाई करत नाय. तुम्ही सांगाल तोवर पुढं जात नाय."

फोन ठेवून ती कामाला लागली. चिपची उष्णता ओढणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, कार्ड परत बसवलं, मशीन चालू केलं. क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, थोडासाच वर नेला आणि कार्डावर ताण देऊन बघणारी टेस्ट लावली. स्क्रीनवर एक दगडी कमान गरगर फिरू लागली. सुकेशनी तिच्याकडं डोळे लावून बसली. कुठं ठिपके उमटतात का, रेघा येतात का, तापमान ऐंशीच्या आत राहतं का, सगळं ती बघत होती. टेस्ट पार पडली की क्लॉक आणखी थोडा वर, परत टेस्ट. हे काम पक्कं करूनच सोडायचं, असं तिनं ठरवलं होतं.

सुदर्शनसाठी तिनं शेजारून चहा मागवला.

"पोरांवर एवढा अविश्वास का म्हणून?" तिनं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"अनुभव, ताई. मागं आमच्या लॅबमध्ये चोरी झाली. अंगद नावाचा शिपाई होता, चाव्या त्याच्याकडं. मीच तक्रार दिली. दोन रात्री आत काढल्या, पण पठ्ठ्या कबूल झाला नाही. नोकरी गेली, झालं. तेव्हापासून कुणाच्या हाती काही देत नाही मी."

"चहा गार व्हायलाय," सुकेशनी म्हणाली आणि क्लॉक आणखी थोडा वर नेला.

स्क्रीन काळी पडली.

सुदर्शन उठून उभाच राहिला. "गेलं का?"

"नाय. त्याला झेपलं नाय म्हणून बंद पडलं." तिनं मशीन परत सुरू केलं, क्लॉक एक घर खाली आणला.

"व्होल्टेज वाढवा ना मग! सरळ शेवटपर्यंत न्या. एकदा गिऱ्हाइकाच्या हातात गेलं की नंतर जळलं तर जळलं."

"माझ्या टेबलावर हे कार्ड जळणार नाय." तिचा आवाज चढला नव्हता, पण सुदर्शन गुमान खाली बसला.

तिनं उलटंच केलं. क्लॉक तसाच ठेवून व्होल्टेज जरासं उतरवलं. टेस्ट लावली. कमान फिरत राहिली. आणखी जरासं उतरवलं. कार्डाची धग कमी झाली, पंख्याची घरघर बसली आणि स्कोअर वर चढला. सुदर्शनचे डोळे चमकले.

"वा! एवढा तर मी धरलाच नव्हता. द्या आता."

"शेवटची टेस्ट राह्यलीय. लांबलचक."

"कशाला पण?"

"गिऱ्हाइकासमोर स्क्रीन काळी पडली तर?"

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. "बस, निकलाच भाई, दस मिनट," तो म्हणाला आणि घड्याळ बघितलं. थोड्या वेळानं परत वाजला. या वेळी त्यानं उचलला नाही. उठून थेट पॉवरच्या वायरीला हात घातला.

सुकेशनीनं त्याच्या हातावर हात ठेवला. "चालू टेस्टमध्ये वायर ओढू नका. एवढ्या वेळचं सगळं मातीत जाईल."

"ताई, माझी लई मोठी पार्टी हातची जाईल!"

"जाणार नाय. बसा."

तो बसला, पण स्टुलाच्या कडेवर. कमान फिरत होती. तापमान जागचं हललं नव्हतं.

बाहेर जीप थांबली. दोन पोलीस दुकानात आले. त्यांतला वयस्क हवालदार उघड्या कॅबिनेटवर वाकला, टॉर्च मारून स्टिकर वाचलं आणि हातातल्या मोबाइलशी ताडून बघितलं.

"मघाशी ताईंनी फोनवर कळवला तो हाच नंबर," तो म्हणाला. "तक्रारीतला चोरीचा नंबरही हाच. हे तुमच्याकडं कसं, मॅनेजरसाहेब?"

"साहेब, अहो, गैरसमज होतोय तुमचा..." बोलता बोलता सुदर्शनची नजर दाराकडं गेली. पोलिसांपाठोपाठ आलेला एक काटकुळा माणूस पायरीवर उभा होता. सुदर्शनचा चेहरा उतरला.

"अंगद? तू इथं कसा?"

सुकेशनीनं टेस्ट थांबवली आणि टेबलामागून उठली.

"आत ये, दादा," ती आपल्या भावाला म्हणाली.