चुडीचं माप

मुन्नालालनं पोत्यावर तीन स्टेअरिंग मांडली आणि अनुसयाबाईंचा जीव पहिल्यावरच जडला. लाल रेक्झिनचं, छोटंसं, मध्ये चकचकीत रिंग. ड्रायव्हिंग क्लासच्या मास्तरनं शिकवलं होतं तसं त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि मुन्नालालच्या भंगाराच्या दुकानातच डावीकडे वळवून पाहिलं.

“हेच! रिंकी, हेच घेऊ वो.”

“माय, भाव तं इचार आधी,” लेक म्हणाली.

भाव अठराशे होता. बाकीची दोन आठशेची आणि पाचशेची, कुठल्या ना कुठल्या मेलेल्या गाडीतून काढलेली. पाचशेच्याकडे तर अनुसयाबाईंनी धड पाहिलंही नाही. काळं, मोठं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं, एका जागी तडा गेलेला आणि त्यात कुणीतरी लांबी भरलेली.

घाई होती. तिरोड्याला घराच्या अंगणात त्यांची ॲम्बेसेडर उभी होती. यजमान केशोराव गेले तेव्हापासून नऊ वर्षं ती हलली नव्हती, टपावर कोंबड्या बसत. आता मुलाला, उमेंद्रला, तिथे ट्रॅक्टर लावायचा होता. त्यानं आईला सरळ सांगितलं, “उद्या दुपारपावतर आपल्या चाकानं बाहेर निघाली तं तुही. नाही तं भंगारात.” पोरगा वाईट नव्हता, पण शब्दाचा पक्का, थेट बापावर गेलेला. काल सुकराम मिस्त्रीनं इंजिन सुरू करून दिलं. राहिलं होतं फक्त स्टेअरिंग. जुनं उन्हानं तडकून त्याच्या ढलप्या झाल्या होत्या. सुकरामनं निघताना एकच बजावलं होतं, “काकी, कोनतंबी आना, पन चुडी जुळली पायजे.”

त्या मनात हसल्या होत्या. तिरोड्याच्या बाजारात तीस वर्षं बांगड्यांचं दुकान चालवलं, आणि हा कालचा पोट्टा चुडी शिकवतो! बाईचा पंजा नुसता दाबला की सव्वादोन की अडीच, ते त्या सांगत. त्यांच्या स्वतःच्या मनगटात मात्र नऊ वर्षांपासून काही नव्हतं.

“अन् चुडी पाय कशी चमकून रायली,” लाल स्टेअरिंगमधल्या रिंगेवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या.

मुन्नालाल क्षणभर गोंधळला आणि मग पोट धरून हसला. “अरे बाईजी, वो तो हॉर्न की रिंग है! चुडी म्हनजे हे.” त्यानं स्टेअरिंगच्या मधल्या भोकात बोट घातलं. आतून गोल बारीक दात कोरलेले होते. “गाडीत हे ज्या डंड्यावर बसते, त्यालेबी असेच दात रायतात. एक जरी चुकला तं बसत नाही. और बिका हुआ माल वापस नहीं.”

अनुसयाबाईंचा चेहरा उतरला. रिंकीनं सुकरामला फोन लावला, तो उचलेना. डंडा तिरोड्यात, त्या गोंदियात, आणि मध्ये उद्याची दुपार.

“अंदाजानं घेऊन टाका,” मुन्नालाल म्हणाला. “नसीब राहीन तं बसन.”

“अंदाजानं कोनी चुडी घेते का गा?”

हे तोंडातून गेलं आणि त्या थबकल्या. मग घाईघाईनं पिशवीत हात घालून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला लोखंडी तुकडा काढला. जुन्या स्टेअरिंगचा मधला, दातेरी भोकाचा भाग, भोवतीचं सगळं झडून गेलेला. निघताना तो पिशवीत का टाकला, ते त्यांना धड सांगता आलं नसतं. सवय, दुसरं काय! लेकीसाठी, सुनेसाठी चुड्या न्यायला आलेल्या बायांना त्या तीस वर्षं एकच सांगत आल्या होत्या, नवीचं माप चुकू नये तर जुनी फुटकी घेऊन ये.

“हे घ्या फुटकी चुडी,” त्या म्हणाल्या. मुन्नालालचं हसू थांबलं.

दुकानात त्या एका बांगडीवर दुसरी ठेवून उजेडाकडे धरत, तसाच तो तुकडा त्यांनी लाल स्टेअरिंगवर ठेवला. भोक मोठं. दुसऱ्यावर ठेवला, तर दात आडवे आले. राहिलं ते काळं. त्यांनी तुकडा वर ठेवला, जरासा फिरवला आणि एक डोळा मिटून पाहिलं. दातावर दात, खाचेवर खाच, आणि आरपार स्वच्छ ऊन.

“जुळली! रिंकी, जुळली वो!” त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला. आनंद पोटात मावत नव्हता. मघाशी नजरेत न भरलेलं ते काळं धूड आता त्यांनी पोटाशी धरलं होतं.

“एकडाव दात मोजून पायता का?” मुन्नालालनं विचारलं.

“हातच्या कांकणाला आरसा कायले?”

साडेचारशेवर सौदा पटला. तिथे मात्र बाजारातली जुनी बाई पुरती शाबूत होती.

“चालवनार कोन? पोरगा?” पैसे खिशात घालत मुन्नालाल म्हणाला.

“मी,” अनुसयाबाई म्हणाल्या. “लायसन भेटून आठ रोज झाले.” केशोरावांच्या राज्यात स्टेअरिंगच्या बाजूला त्या कधी बसल्याही नव्हत्या, हे त्याला सांगायचं काही कारण नव्हतं.

मुन्नालालनं कोपऱ्यातलं रिकामं पोतं ओढलं. “बांधून देतो. बसमंधी बरं पडन.”

“कायले? चुडी कोनी बांधून नेते का? घालून जाते.”

त्यांनी उजवा हात स्टेअरिंगमधून आरपार घातला, ते कोपरावरून दंडापर्यंत चढवलं, पदर सारखा केला आणि भर बाजारातून, तो हात जरा उंच धरून, बसस्टँडकडे निघाल्या.