पलंग विकणे आहे

"पलंग बघायला आलोय," दारातला माणूस म्हणाला. हातात मोजपट्टी, कानावर पेन्सिल. सुतार असल्याचं वेगळं सांगायला नको होतं.

"कुठला पलंग?" मुलाने विचारलं.

"आजारी माणसाचा. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर होते, तो. पत्ता इथलाच दिलाय." त्याने फोन पुढे केला. "वडील शिडीवरून पडलेत हो. मणका दुखावलाय. नवा घ्यायचा तर आवाक्याबाहेर."

मुलाने फोटो पाहिला. पलंग ओळखीचा होता. चादरही. उशीवर डोक्याचा खळगा तसाच होता. खाली लिहिलं होतं, 'चार महिने वापरलेला. उत्तम स्थितीत. आता गरज नाही.'

आई आत त्याच पलंगावर होती. चार महिन्यांपूर्वी ती तिच्या घरी पडली, खुबा मोडला. ऑपरेशननंतर त्याने तिला इकडे आणलं, तेव्हापासून ती पलंगावरच होती.

तेवढ्यात मागून ताई आली. ताई दर रविवारी यायची, आईजवळ दहा मिनिटं बसायची आणि भावाला सूचना देऊन जायची. तिने जाहिरात वाचली आणि भावाला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"आता गरज नाही? अरे, आई जिवंत आहे!"

"मी नाही टाकली."

"मग वहिनीने टाकली असेल. कुठे आहे ती?"

"ड्यूटीवर."

"बरोब्बर. काडी लावून ड्यूटीवर."

"तिचं नाव घेऊ नकोस ताई. चार महिने तीच करतेय सगळं. तू रविवारी येतेस, संत्री ठेवतेस आणि जातेस."

"म्हणून आईच्या अंगाखालचा पलंग विकायचा? जनाची नाही, निदान मनाची तरी!"

आवाज चढत गेले. बिचारा सुतार दारात मोजपट्टी उघडत आणि मिटत उभा होता. शेवटी त्याने खाकरून विचारलं, "मी नंतर येऊ का? म्हणजे... सगळं आटोपल्यावर?"

त्यावर ताईला रडूच फुटलं.

"नंतर कशाला?" आतून आवाज आला. "या, आत या. मोजून घ्या."

तिघेही खोलीच्या दाराशी आले. आई पलंगाच्या कडेला बसली होती. बाहेर जायची साडी, केस विंचरलेले, पायात चपला. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवलेली.

"साडेसात हजार ठरलेत आपले," ती सुताराला म्हणाली.

सुतार गोंधळला, पण धंद्याचा माणूस. त्याने वाकून पलंग मोजला, मग हँडल फिरवून पाहिलं. पलंगाने चांगलीच किंकाळी मारली. "आजी, हे करकरतंय. सात करा."

"तेल घाला, नव्यासारखं होईल. मी मुद्दाम घालू दिलं नाही. करकरलं की कोणीतरी खोलीत डोकावतं." तिने काठी हातात घेतली. "सात करते. पण तुमच्या टेम्पोतून मला वाटेत सोडायचं."

"आई!" मुलाचा आवाज फाटला. "तू टाकलीस जाहिरात?"

"मीच. वेळ जायला फोन दिलात ना? गेला वेळ."

"पण डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर म्हणाले, चाला. पडून राहा असं तुम्ही म्हणालात. तू आणि सूनबाई कामावर गेलात की मी रोज या खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालते. काल वीस खेपा झाल्या."

ताईने डोळे पुसले. ती आईच्या शेजारी टेकली आणि लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "बरं, पलंग विकू. पण आता जायचंय कुठे तुला?"

"माझ्या घरी."

बहीण-भावाने एकमेकांकडे पाहिलं. इतका वेळ भांडणारी ती दोघं आता एकदम एका बाजूला झाली.

"आई, एकटी कशी राहशील तिथे?" मुलगा म्हणाला.

"तीस वर्षं राहिले तशी."

"तसं नव्हे गं..." ताईने पुन्हा भावाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. सांगायचं तिच्याच वाट्याला आलं. "घर मोकळं केलंय आम्ही. भाड्याने द्यायचं म्हणून. तुला उगाच वाईट वाटायला नको, म्हणून बोललो नाही. तुझं कपाट, टेबल, शिलाई मशीन, सगळं विकलं. मंगळवारी एकच माणूस येऊन सगळं घेऊन गेला."

सुताराने मोजपट्टी खिशात टाकली आणि उगाच पलंगाचे पेच बघू लागला. आई काठीवर भार देऊन उभी राहिली. दोघांनी हात पुढे केले. तिने ते धरले नाहीत.

"माहीत आहे. माझ्या घरासमोरच्या शेजारणीने फोन करून कळवलं होतं. तिच्याच खोलीत नेऊन ठेवलंय त्याने," ती म्हणाली. "मीच पाठवला होता त्याला. माझाच संसार, तुम्ही सांगाल त्या किमतीला विकत घेतला."