चिपशेजारची रिकामी जागा

कॉम्प्युटरच्या पेटीत मोठ्या चिपशेजारी एक जागा रिकामीच होती. ती कशाला, असं धरणावरचा राधाकिशन येईल त्या साहेबाला विचारायचा. आज इंजिनिअरबाईंनी तिथं गोमीसारख्या पायांची चिप दाबून बसवली. “ही काय करती, मॅडम?” “फक्त दशांशांची गणितं. मोठी चिप ती रखडत करायची.” “एवढ्यासाठीच येगळी?” तो चक्रावला. सकाळीच धरणाचे दरवाजे उघडले होते. पाणी खालच्या गावांत कधी पोचेल, हे कॉम्प्युटर तीन तासांनी सांगायचा. गेल्या पावसाळ्यात तोवर बहिणीच्या गोठ्यात पाणी शिरलं होतं. सवयीनं आकडे भरून त्यानं स्टोव्हवर चहा ठेवला. उकळीच्या आधीच उत्तर आलं. इतक्या लवकर म्हणजे चुकलंच, म्हणून त्यानं आकडे पुन्हा भरले. उत्तर तेच. चहा सोडून त्यानं बहिणीच्या गावी फोन लावला. “पाटील, आमच्या कस्तुराला गुरं सोडायला सांगा. पाणी यायला अजून दोन घंटे हायेत.”