एकच बटण

त्याने बनवलेल्या वेबसाइटवर अभिप्रायाच्या रकान्यात कुणी कोड लिहिला, तर पान तो मुकाट चालवायचं. ही फट आधी ताईला सापडली. त्याच कंपनीत त्याच्या कामातल्या चुका काढणं हीच तिची नोकरी. गंमत म्हणून तिने तिथूनच एक चौकट घुसवली. त्याने पान उघडलं की चौकट विचारायची, “जेवलास का रे, घुबडा?” खाली एकच बटण: ‘हो’. “आधी फट बुजव,” ती बजावायची; तो उद्यावर ढकलायचा. मग ताईच कायमची गेली. फट बुजवली तर तिची चौकटही जाणार; बुजवायला त्याचा हात धजेना. रोज उपाशीपोटीच तो ‘हो’ दाबायचा. काल त्याच फटीतून चोरांनी लोकांचे पासवर्ड पळवले. “झोपला होतास?” साहेब कडाडले. त्याने दुरुस्ती चढवली: यापुढे कोड नुसता दिसेल, चालणार नाही. पानावर ताईचा प्रश्न कोडच्या कंसांसकट उघडा पडला. दाबायला बटण नव्हतं. “नाही गं जेवलो,” तो म्हणाला.