रेग्युलेटरवरची पाटी

रविवार, ११ मे २०२५. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. जेवायला येणारी माणसे अकरा. शिजलेले पदार्थ शून्य.

गॅसच्या रेग्युलेटरला तारेने एक लाल पत्र्याची पाटी अडकवलेली होती. तिच्यावर दोनच अक्षरे होती : ऑफ. निवृत्त फोरमन पाऊण तास स्वयंपाकघर ते दार आणि दार ते स्वयंपाकघर अशा येरझारा घालत होता. तो फळे घेऊन परतला, तेव्हा घरात बायको नव्हती आणि दिवाणखान्यातल्या खिळ्यावर पाटी नव्हती. बायकोला फोन लावला, तर तो पिठाच्या डब्यामागे वाजला. शेजारी विचारून झाले. तिच्या चपला जागेवर नव्हत्या.

पाटी त्याचीच होती. अकरा दिवसांपूर्वी निरोपसमारंभात कारखान्याने आठवण म्हणून दिलेली. दुरुस्तीसाठी यंत्राच्या आत शिरणाऱ्याने आधी स्विचला पाटी अडकवायची, आणि बाहेर आल्यावर ज्याची त्यानेच काढायची. दुसऱ्या कुणी, अगदी मालकानेही, तिला बोट लावायचे नाही. हा नियम त्याने जन्मभर पाळला आणि पाळायला लावला. दुसरा नियम बंदचा : नव्वद दिवस चालले की यंत्राला एक दिवस पूर्ण विश्रांती. मग ऑर्डर कितीही मोठी असो. समारंभात साहेबांनी त्याचे कौतुक केले ते याच दोन गोष्टींसाठी.

'ऑफ' हा शब्द कारखान्यात दोन ठिकाणी असे. एक स्विचवर आणि दुसरा हजेरीच्या फळ्यावर, सुटी असलेल्याच्या नावापुढे. फोरमनच्या नावापुढे तो लागला की चार मित्र घरी जेवायला ठरलेले. त्याचा ऑफ असला की तिची शिफ्ट पहाटे पाचला सुरू होई. कालही रात्री त्याने तिला जाता जाता सांगितले होते, "उद्या आपली मंडळी येताहेत. अकराच जण आहेत." ती "बरं" म्हणाली होती. तिचे 'बरं' नेहमीसारखेच वाटले होते.

घड्याळात पावणेबारा झाले. अकरा माणसांपुढे नाक कापले जायची वेळ आली होती. काढायची तर एक तार. निदान भात तरी टाकता आला असता. त्याचा हात पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. बोटे तारेला लागणार, एवढ्यात बेल वाजली.

दारात आठबोट्या होता. कारखान्यातला सगळ्यात जुना फिटर. वीस वर्षांपूर्वी तो आत असताना कुणीतरी घाईत पाटी काढली होती. उजव्या हाताची दोन बोटे तेव्हा गेली, आणि हे नाव त्याने स्वतःच स्वतःला ठेवले.

"लवकर आलो हो साहेब. वास घेत घेत येत होतो, पण वासच नाही! वहिनी रुसल्या की काय?" तो हसत थेट स्वयंपाकघरात गेला आणि थबकला. हसू विझले. "तुम्ही हात लावलात?"

"नाही." फोरमनने हात खिशात घातला.

"मग ठीक." पाटी दिसली की कारखान्यात पहिला विचारायचा तोच प्रश्न आठबोट्याने विचारला, "आत कोण आहे?"

फोरमन ओट्याकडे वळला. ओट्यासमोर त्याआधी तो कधी इतका वेळ उभा राहिला नव्हता. ओट्यावरची फरशी एका जागी झिजून खोलगट झाली होती. त्याने नजर वर केली. खिडकीतून रस्त्यापलीकडची बाग दिसत होती. बाकावर त्याची बायको बसली होती. हातात पिशवी नव्हती, विणकाम नव्हते, काहीच नव्हते.

"जा तुम्ही," आठबोट्या म्हणाला. "बाकीच्या दहा जणांना मी कोपऱ्यावरच्या खानावळीत नेतो. पाटी बघितली म्हटल्यावर कुणी एक शब्द विचारणार नाही."

फोरमन रस्ता ओलांडून बाकापाशी गेला. बसावे की उभे राहावे, हे त्याला ठरवता येईना.

"अगं, किती वेळ लागेल?"

तिने मान वळवली नाही. "पाटी लागल्यावर हे तुम्ही कधी कुणाला विचारू दिलंत?"

तो बसला. बराच वेळ गुडघा हलवत राहिला. मग सवयीने खिशातली डायरी निघाली. "आपलं लग्न नऊ मार्च एक्याण्णवचं," तो पुटपुटला आणि आकडे मांडू लागला. बेरीज दोनदा तपासली. "मधे बंद किती दिवस?"

ती चिडेल असे त्याला वाटले होते. तिने मात्र खरोखरच आठवून पाहिले.

"बाळंतपणाचे सहा. दवाखान्यात होते."

"माहेरी जायचीस ते?"

"आईच्या आजारपणात? तिथली चूल काय आपोआप पेटत होती?"

"आणि त्या वर्षी तुला ताप…"

"तापातच केलं होतं. तुमचे साहेब यायचे होते जेवायला."

त्याने खाली मान घातली आणि यंत्राची नोंद करावी तशी, चार ओळींत नोंद पूर्ण केली.

सुरू झाल्यापासून दिवस : बारा हजार चारशे ब्याऐंशी.
नव्वदाला एक याप्रमाणे द्यायचा बंद : एकशे अडतीस.
दिलेला बंद, आजचा धरून : सात.
बाकी : एकशे एकतीस.