मीटरमधला लाल दिवा

आधी हेडलाइट पिवळे पडले, मग हॉर्नचा आवाज बसला, आणि टेंभुर्णी मागं टाकून व्हॅन चढाला लागली तशी इंजिनानं दोन आचके देऊन मान टाकली. कल्याणनं चावी फिरवली. सेल्फनं नुसतं ‘कट्ट’ केलं.

मागच्या सीटवर नंदाबाई आडव्या होत्या. डोकं नवऱ्याच्या, काकासाहेबांच्या मांडीवर, हात त्यांच्या हातात. दुपारपासून छातीत कळा. गावातल्या डॉक्टरनं हात टेकले होते : जालन्याला हलवा, जल्दी. अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. म्हणून ही व्हॅन.

“काय झालं रे?” काकासाहेबांनी विचारलं.

“बॅटरी उतरल्यावानी करून राह्यली, काका. पन चार्जिंगचा दिवा तर लागला न्हाई! लाल दिवा दिसला असता तर मी काकूला हिच्यात बसवलं असतं का?”

काकासाहेब खिडकीबाहेर बघू लागले.

जुन्या गाड्या घ्यायच्या आणि धुऊनपुसून विकायच्या, हा त्यांचा धंदा. ही व्हॅन त्यांनीच मंगळवारी कल्याणच्या गळ्यात घातली होती. त्या दिवशी तो ‘कल्याणराव’ होता. गाडीचा लाल दिवा सारखा लागायचा. दुरुस्तीत नफा गेला असता. काकासाहेबांनी मीटर खोलून दिव्याचा बल्बच काढला आणि बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी गाडी अशी उठली, जशी सासरी निघालेली पोरगी.

विकलेली गाडी दारातून निघताना घरच्या बाईनं कुंकू लावून ओवाळायचं, ही त्यांची पद्धत. गिऱ्हाइकाला बरं वाटतं, आणि खर्च काय, तर चिमूटभर कुंकू. नंदाबाईंनी करंडा उघडला तर आत बोराच्या बीएवढा बल्ब.

“हे काय ठेवलंत कुंकवात?”

“राहू दे. दुसऱ्या गाडीला येतो कामाला.”

बाईनं बल्बकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि बॉनेटवर स्वस्तिक काढलं.

आता त्याच बॉनेटच्या गाडीला काकासाहेब मागून धक्का देत होते. कल्याण दारातून एक हात स्टिअरिंगवर ठेवून रेटत होता. गाडी गचके देई, पेट घेत नसे. एका मोटारीला हात केला, ती धूळ उडवून गेली. उसाचा ट्रॅक्टर थांबला, पण त्याच्या ट्रॉलीवर बाई झोपवायची कुठं?

कल्याणनं फोन केला होता, तो टेंभुर्णीचा राधेश्याम मेकॅनिक मोटरसायकलला जुनी बॅटरी बांधून आला. दिवस मावळून अंधार पडला होता. काकासाहेब पुन्हा नंदाबाईंचा हात धरून मागं बसले होते. त्यानं बॅटरी जोडली, गाडी चालू केली, तारा लावून बघितलं.

“डायनामो चार्जिंगच देत न्हाई.” मग त्यानं मीटर खोलून आत बोट घातलं. “हे घ्या. होल्डर रिकामा. बल्बच न्हाई.”

“मंग दिवा लागत नसंल, एवढंच ना?” काकासाहेब म्हणाले.

“एवढंच कुठलं, काका! ह्या गाडीत त्याच बल्बातून करंट जातो, तवा डायनामो जागा होतो. आधी पट्टा ढिला असंल, थोडं तरी भरत असंल. बल्ब काढला आन् तेवढं बी मेलं.” त्यानं काकासाहेबांकडं एकदा पाहिलं आणि नजर वळवली. काकासाहेबांचा धंदा पंचक्रोशीला माहीत होता.

कल्याणला मात्र वेगळंच सुचलं. त्यानं कपाळावर हात मारला. “आमचा पोरगा, प्रेम! दिवसभर गाडीतच खेळत असतो कार्टा, पाना घेऊन. त्यानंच काढला. घरी गेलो की तंगडं मोडतो त्याचं.” आणि तो खिडकीशी येऊन हात जोडून उभा राहिला. “माफ करा, काका. माझ्या घरच्या खोडीपायी काकूवर ही वेळ आली.”

खरं बोलायला एवढी मोकळी जागा काकासाहेबांना आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

“लई मारू नको,” ते म्हणाले. “लेकरूच हाय.”

नंदाबाईंनी डोळे उघडले.

“कल्याण,” त्या म्हणाल्या. मधे दम घेतला. “प्रेमला हात लावू नको. बल्ब माझ्या करंड्यात हाय.”

राधेश्याम बॅटरीचा घट्ट बसलेला नट पुन्हा पुन्हा आवळत राहिला. कल्याणचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

“वातात गेलीय,” काकासाहेब घाईनं म्हणाले. “काय बी बोलून राह्यली.”

नंदाबाईंनी त्यांच्या हातातला आपला हात काढून घेतला आणि छातीवर ठेवला.

“ही बॅटरी बी भरणार न्हाई,” राधेश्याम म्हणाला. “तू लाइट लावू नको. मी पुढं चालतो, माझ्या मागच्या दिव्यावर नजर ठेव.”

कल्याण गाडीत बसला. मघापर्यंत ज्याच्या तोंडात वाक्यागणिक ‘काका’ होतं, त्यानं मागं न बघता गाडी मोटरसायकलमागं घातली. मीटरमधला रिकामा होल्डर तसाच उघडा होता. अंधारातून चाललेल्या व्हॅनपुढं मोटरसायकलचा लाल दिवा न विझता पळत होता.

जालन्याचे उजेड दिसायला लागले तेव्हा काकासाहेबांनी नंदाबाईंचा हात पुन्हा हातात घेतला.

या वेळी नंदाबाईंनी डोळे उघडून त्यांच्याकडं पाहिलं, पण हात काढून घेतला नाही.