सत्तावीस नंबरची अळी

मुलाखतीवरून परत आल्या आल्या वजनबाईने साडीवर पांढरा कोट चढवला आणि अळ्यांची वजनं करायला बसली. अकराची वेळ टळून चालणार नव्हती. कायम नेमणूक होवो न होवो, अळ्यांना त्याचं काय?

प्रयोगशाळेत सगळे तिला वजनबाईच म्हणत. कोबीवरच्या दोनशे अळ्या, दोनशे डब्या. त्यातल्या निम्म्या अळ्यांना मुंगीएवढ्या गांधीलमाशीने टोचून त्यांच्या अंगात अंडी घातलेली. अशी अळी लगेच मरत नाही. खात राहते, पण खाल्लेलं तिच्या अंगी लागत नाही. आतली पिल्लं तेवढी पोसली जातात. तिची वाढ किती खुंटली ते रोज मिलिग्रॅममध्ये मांडायचं, हे बाईचं काम. अकरा वर्षं झाली, अजून हंगामीच. अळी काट्यावर ठेवण्याआधीच ती आकडा सांगायची. काट्याने तिला दोनदाच खोटं पाडलं, आणि दोन्ही वेळा काटाच बिघडलेला निघाला.

मुलाखतीत साहेबांनी तिला एवढंच विचारलं, "पदवी?" बाकीचे दोघे तोवर पुढच्या उमेदवाराचा कागद चाळायला लागले होते.

दुपारी ती पुढची उमेदवार धावतच आत आली. दोन वर्षांपूर्वी शिकायला आली तेव्हा ब्रशने अळी उचलताना या पोरीचा हात थरथरायचा. बाईनेच मनगट धरून तिला उचलायला शिकवलं होतं, आणि महिनाभर स्वतःच्या डब्यातलं निम्मं तिच्या पुढ्यात सरकवलं होतं.

"मावशी, माझी नेमणूक झाली." तिचे डोळे भरून आले होते. "साहेबांनी विचारलं, टोचलेली अळी तिसऱ्या दिवशी नुसत्या डोळ्यांनी ओळखाल का? मी तुमचंच सांगितलं. पान खाता खाता मध्येच थांबते, काहीतरी आठवल्यासारखी. साहेब एकदम खूश. म्हणाले, हे कुठल्या पुस्तकात नाही."

"नाहीच आहे," बाई म्हणाली.

पोरीवर रागवावं, तर तिने चोरून काहीच नेलं नव्हतं. बाईनेच हातात दिलं होतं. धड रागावताही येईना, याचाच बाईला जास्त राग आला.

"तुम्ही राहणार ना पण? उद्यापासून शंभर डब्या वाढतायत. तुमच्यासारखा हात कुणाला आहे इथे?"

बाईने सत्तावीस नंबरची डबी उघडली. सकाळपर्यंत धडधाकट दिसणाऱ्या अळीच्या अंगातून पिल्लं बाहेर पडली होती आणि तिच्या पोटाखाली पिवळ्या कोषांचा पुंजका झाला होता. अळी अजून जिवंत होती. रिकाम्या पिशवीसारखी लोळागोळा होऊन कोषांवर पसरली होती. पोरीने ब्रश पुढे नेला, तशी अळीने डोकं उचलून जोरात झटकलं.

"ही तर हाकलतेय मला."

"राखण करते कोषांची."

"पण त्यांनीच पोखरलं ना हिला?"

"हो."

"मग कशाला?"

बाईने अळीपुढे एक कोवळं पान ठेवलं आणि थोडा वेळ वाट पाहिली. अळीने तोंड लावलं नाही.

"सांगा ना मावशी, राहणार ना?"

बाईने नोंदवही पुढे ओढली. वजनाचा रकाना मोकळा सोडला आणि शेऱ्याच्या रकान्यात नेहमीच्या नेटक्या अक्षरात लिहिलं : खाणं बंद. कोषांवरून हलत नाही.

मग तिने अठ्ठावीस नंबरची डबी उघडली.